कोडं, खोडी आणि जुने पट: चौघांच्या भांडणाला एक सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही चौघे मित्र बुद्धिबळ खेळायला जमता. एकाला कोड्यांचा नाद आहे. दुसरा त्याला "कोडी सोडवणारे डाव हरतात" म्हणून चिडवतो. तिसऱ्याला नवकंकरी, वाघ-बकरी असल्या जुन्या खेळांचं वेड, आणि चौथ्याचं म्हणणं असं की संगणकाने सगळं सोडवून ठेवलंय, आता यात उरलंय काय? थट्टा कधी रंगते, कधी बिनसते. तुम्हाला जाणून घ्यायचंय की यातलं कोणाचं खरं, आणि ‘दोन चालींत मात’ची कोडी तुम्हालाच का अडतात.

मी बरीच वर्षं बुद्धिबळ शिकवतो, कोडी जमवतो, थोडीफार रचतोही. पहिली गोष्ट आधीच सांगतो: एकमेकांना चिडवणं अजिबात बंद करू नका. कोड्यांच्या दुनियेत जी रत्नं सापडली, त्यातली कितीतरी कोणीतरी कोणाचीतरी खोडी काढली म्हणून सापडली आहेत. फक्त त्या खोडीत एक चाल असायला हवी. नुसतं "छे, हे काय कोडं आहे?" म्हणणाऱ्याने काही मिळवून दिलेलं नाही. "हे चुकलंय, आणि हे बघ का" म्हणणाऱ्याने मिळवून दिलंय.

पट मांडा आणि हे बघा. घरांची नावं अशी: उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी 1 ते 8, आणि पहिली ओळ पांढऱ्याची. पांढऱ्याचा राजा बी6 वर, प्यादे सी6 वर. काळ्याचा राजा ए1 वर, हत्ती डी5 वर. एवढीच चार मोहरी. खेळी पांढऱ्याची.

या स्थितीचं मूळ 1875 सालच्या एका डावात आहे, फेंटन आणि पॉटर यांच्या. वीस वर्षांनी, 1895 मध्ये, ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए नावाचे स्तंभलेखक तिच्यावरून काळा डाव कसा वाचवतो हे वाचकांना दाखवत होते. उत्तरही त्यांनी छापलं. ते उत्तर खरोखर सुंदर होतं. पांढरा प्यादे सी7 वर सरकवतो. काळा हत्ती डी6 वर आणून शह देतो. आता राजा जाणार कुठे? सी5 वर गेला तर हत्ती डी1 वर उतरतो. शेवटच्या ओळीत पोहोचून प्याद्याचा वजीर झाला की सी1 वरून शह आणि वजीर गेला. बी7 वर गेला तर हत्ती डी7 वर येऊन प्याद्याला राजासमोर जखडून टाकतो. म्हणून राजा बी पट्टीतूनच खाली उतरतो: बी5, शह, बी4, शह, बी3, हत्ती डी3 वरून पुन्हा शह. आता सी2! राजा हत्तीला भिडलाय, शह संपलेत आणि प्यादे पुढच्या चालीला वजीर होणार. डाव पांढऱ्याचा वाटतो. पण काळा हत्ती डी4 वर नेतो. पांढऱ्याने वजीर केला की हत्ती सी4 वर शह देतो, वजिराने त्याला मारावंच लागतं, आणि कोपऱ्यातल्या काळ्या राजाला शहही नाही आणि चालही नाही. स्टेलमेट. बरोबरी.

इथे फर्नांदो सावेद्रा आले. हे ग्लासगोत राहणारे स्पॅनिश धर्मगुरू, खेळाडू म्हणून फार मोठं नाव नाही. त्यांनी विचारलं, प्याद्याचा वजीरच का करायचा? हत्ती करा. आता सी4 वरच्या शहाने स्टेलमेट होत नाही, आणि नवा हत्ती ए8 वर जाऊन मात करायला टपलाय. काळ्याला त्याचा हत्ती ए4 वर आणण्यावाचून गत्यंतर नाही. मग पांढरा राजा शांतपणे बी3 वर जातो. एकाच वेळी ए4 वरचा हत्ती मारायचा धाक आणि सी1 वर मात करायचा धाक. दोन्ही वाचवता येत नाहीत. सावेद्रांचं नाव बुद्धिबळात अजरामर झालं ते या एका चालीमुळे.

आता या प्रसंगाकडे तुमच्या चौघांच्या नजरेने बघा. बार्बिए चुकले म्हणून ते कोडं वाया गेलं का? उलट, ते चुकले म्हणून ते कोडं घडलं. त्यांनी धाडसाने उत्तर छापलं नसतं तर सावेद्रांना खोडून काढायला काही उरलं नसतं. स्टेलमेटची युक्ती बार्बिएंची, तिला दिलेली मात सावेद्रांची. आज आपण शिकवतो ते दोघांचं मिळून एक कोडं आहे. कोड्यांत रमलेली माणसं एकमेकांशी अशीच बोलतात.

अमेरिकन कोडेकार सॅम लॉइडची गोष्टही तुमच्या चिडवणाऱ्या मित्राला सांगा. लॉइड तेव्हा विशीतही नव्हता. डेनिस ज्युलियन नावाच्या त्याच्या मित्राचा दावा होता की कुठलंही कोडं द्या, मात कुठलं मोहरं करणार ते मी बघता क्षणी ओळखेन. लॉइडने एक रचना मांडली आणि उलटाच प्रश्न केला: बाबा रे, यातलं कोणतं मोहरं मात करणारच नाही ते सांग. ज्युलियनने बी2 वरचं प्यादे दाखवलं, जे अजून जागचं हललंही नव्हतं. पाच चालींची ती मात नेमकं तेच प्यादे करतं. बी2 वरून निघून मारत-सरकत ए8 पर्यंत जातं आणि बढती घेऊन मात करतं. ती रचना 1861 मध्ये ‘एक्सेल्सियर’ या नावाने छापून आली. मित्राची फुशारकी नसती तर ती रचना नसती.

आता तुमच्या अडचणीकडे वळतो. तुम्ही लिहिलंय, "डावात मला युक्त्या दिसतात, पण दोन चालींत मात सुटत नाही." याचं कारण सरळ आहे. कोडं म्हणून आपण जे ओळखतो त्यात दोन वेगळ्या जाती आहेत आणि दोघींना एकाच पद्धतीने भिडून चालत नाही.

एक जात डावातून उचललेली. तिथे पहिल्यांदा शह बघायचे, मग मारामारी, मग धाक. हा क्रम मी प्रत्येक विद्यार्थ्याला घोटून घ्यायला लावतो, कारण प्रत्यक्ष डावात तोच वाचवतो. दुसरी जात रचलेली. तिथे समोर प्रतिस्पर्धी नसून रचणारा बसलेला असतो आणि तुम्ही आधी शह बघणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पहिलीच चाल शह किंवा मारामारी असेल तर रचनाकार ते ओबडधोबड मानतात. तेव्हा दोन चालींच्या रचनेत पहिली चाल, जिला आपण चावी म्हणतो, ती बहुतेक वेळा मुकी असते. शह नाही, मारणं नाही. काहीतरी सोडून देणारी, वाट मोकळी करणारी किंवा नुसतीच थांबणारी.

अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फीच्या नावाने ओळखलं जाणारं एक छोटं कोडं घ्या. पांढरा: राजा सी8, हत्ती ए1, प्यादे बी6. काळा: राजा ए8, उंट बी8, प्यादी ए7 आणि बी7. पांढऱ्याची खेळी, दोन चालींत मात.

डावाची सवय असलेला हात थेट ए7 कडे जातो. हत्तीने ए7 मारलं तर उंट त्याला मारतो आणि संपलं. प्याद्याने ए7 मारलं तरी हाताला काही लागत नाही. तुम्ही नेमके इथेच अडता आणि "सुटत नाही" म्हणून पान उलटता. आता प्रश्न बदला. "मी काय करू" असं विचारू नका. "काळ्याला काय करायचंय आणि त्याच्याकडे चाली किती आहेत" असं विचारा. राजा हलू शकत नाही. बी7 चं प्यादे पुढे बी6 ने अडलंय. ए7 च्या प्याद्याने बी6 मारलं तर ए पट्टी उघडून त्याच्याच राजाला शह बसतो, म्हणजे तेही बंद. मोकळं काय? उंट, आणि ए7 चं प्यादे पुढे सरकवणं. या प्याद्याला थोपवलं तर? हत्ती ए6!

फुकटचा हत्ती. बी7 च्या प्याद्याने तो मारला की पांढरं प्यादे बी7 वर जातं आणि मात. मारला नाही तर उंटाला हलावंच लागतं. तो कुठेही गेला तरी बी8 सुटलं की ए7 चं रक्षण सुटलं आणि हत्ती ए7 वर मात करतो. काळ्याला एकही चाल करायची नाहीये, पण पाळी त्याची आहे. याला झुग्झवांग म्हणतात आणि रचलेल्या कोड्यांचा निम्मा संसार त्यावर चालतो. म्हणून आधी काळ्याच्या चाली मोजा. हातात कागद घेऊन खरंच लिहा, आणि प्रत्येकीसमोर आत्ता तयार असलेली मात लिहा. जिथे जागा रिकामी राहते, चावी तिथे दडलेली असते.

चिडवणाऱ्या मित्राचं म्हणणं मात्र सगळंच टाकाऊ नाही. कोडी सोडवणारे डाव हरतात, हे काही अंशी खरं आहे. कोड्यात इथे काहीतरी आहे हे आधीच कळलेलं असतं. डावात कानाशी येऊन कोणी सांगत नाही. चाळीस चालींच्या डावात असा क्षण एखाददुसराच येतो आणि तो कधी येतो हे ओळखणं हेच खरं कसब. मग उपाय काय? मित्रालाच कामाला लावा. त्याने स्थिती मांडावी आणि खेळी कोणाची एवढंच सांगावं. जिंकतंय की वाचतंय की यात काही नाहीच, हे सांगू नये. मधूनमधून मुद्दाम अशा स्थिती घुसडाव्यात की ज्यात कुठलाच चमत्कार नाही, उत्तर म्हणजे घोडा बाहेर काढणं किंवा राजाचा किल्लेकोट करणं. माझ्याकडे येणाऱ्यांना या साध्या स्थितीच सर्वांत जड जातात. हत्तीचा बळी शोधता शोधता घोडा घरीच राहतो. हा सराव दोन-तीन महिने केलात तर त्याचा टोमणा आपोआप बोथट होईल.

तिसऱ्या मित्राबद्दल. जुन्या खेळांना पोरखेळ समजणाऱ्याने एकदा शतरंजच्या नियमांनी बसून बघावं. आपल्या आजच्या बुद्धिबळाआधी कित्येक शतकं अरब आणि पर्शियन जगात जो खेळ चालला, त्यात वजीर तिरकं एकच घर चालायचा. आजचा सर्वसंचारी वजीर पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात आला. आणि आज जिथे उंट उभा असतो तिथलं मोहरं, फील, तिरकी दोन घरं उडी मारायचं, मधलं घर भरलेलं असो वा रिकामं.

या फीलवरून मी नवशिक्यांना एक प्रश्न घालतो. सी1 वरून निघालेला फील, वाटेल तितक्या चाली दिल्या, तर किती घरांवर पोहोचेल? लोक वीस म्हणतात, सोळा म्हणतात. उत्तर आठ. सी1, जी1, ए3, ई3, सी5, जी5, ए7, ई7, बस. आता उरलेल्या तिन्ही फीलांचं असंच मोजा: एफ1, सी8 आणि एफ8 वरून. प्रत्येकाला आठ घरं, आणि एकाचंही घर दुसऱ्याच्या वाट्याला येत नाही. म्हणजे पटावरचे चार फील एकमेकांना आयुष्यात कधी मारू शकत नाहीत, आणि 64 पैकी 32 घरांवर कुठल्याच फीलचं पाऊल कधी पडत नाही. हे एकदा कळलं की त्या काळच्या खेळाडूंना आपला राजा कुठे सुरक्षित आहे हे कसं दिसत असेल याचा अंदाज येतो. पटाचा नकाशाच वेगळा होता. नियम एवढासा बदलला की पट किती बदलतो, हे जुने खेळ शिकवतात. नुसत्या आजच्या बुद्धिबळात ते कधी शिकायला मिळत नाही.

त्या शतरंजमध्ये रचलेल्या कोड्यांना मनसुबा म्हणत. ती सोडवताना आजचे नियम लावू नका. तिथे स्टेलमेट करणारा जिंकतो, आणि प्रतिस्पर्ध्याचा राजा एकटा उरला तरीही विजय धरला जात असे. दहाव्या शतकात बगदादच्या दरबारात अस्-सूली नावाचा श्रेष्ठ खेळाडू होता. त्याने एक स्थिती नोंदवून ठेवली आणि म्हटलं, मी ज्यांना शिकवलं त्यांच्याखेरीज हे सोडवणारा जगात कोणी नाही. दोन राजे आणि दोन वजीर, तेही तिरकं एक घर चालणारे. पांढऱ्याने काळ्याचा वजीर पकडायचा. दिसायला एवढंसं. हे आव्हान हजार वर्षं तसंच पडून राहिलं. विसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात युरी आव्हेरबाखसारख्या अंतखेळाच्या जाणकाराने त्याचा उलगडा छापला. माझ्या मते आजवरची सगळ्यांत लांब पल्ल्याची खोडी हीच.

नवकंकरीबद्दल तुमच्या मित्राशी मी लगेच खेळायला बसेन. तीन चौकोन एकात एक, 24 ठिकाणं, प्रत्येकी नऊ सोंगट्या, तीन ओळीत आणल्या की समोरच्याची एक उचलायची. नवखा माणूस पहिल्या चालीपासून तीन जुळवायच्या मागे लागतो आणि कोपरे धरतो. कोपऱ्याला दोनच वाटा असतात. आतल्या आणि बाहेरच्या चौकोनाच्या मध्यबिंदूंना तीन. मधल्या चौकोनाच्या चार मध्यबिंदूंना मात्र चार वाटा आहेत, आणि खेळ तिथे आहे. सुरुवातीला एक सोंगटी उचलून खुश झालेला खेळाडू पुढे हलायला जागा नाही म्हणून हरतो, हे वारंवार दिसतं. बुद्धिबळात आपण ज्याला मोहऱ्यांची गतिशीलता म्हणून अवघड शब्दांत समजावतो, ते नवकंकरी अर्ध्या तासात अंगवळणी पाडते. वाघ-बकरीत तर दोन्ही बाजूंची मोहरीही वेगळी आणि उद्दिष्टंही वेगळी. वाघाने मारायचं, बकऱ्यांनी कोंडायचं. बाजू बदलून खेळलात तर हल्ला आणि बचाव या दोन स्वतंत्र विद्या आहेत हे कळेल. बुद्धिबळात एवढं उघडं ते कधी दिसत नाही.

जुन्या खेळांत एक निराळी मजा नियमच शोधून काढण्याची. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना 1920 च्या दशकात इराकमधल्या उर इथल्या राजदफनभूमीत वीस घरांचे पट सापडले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. पट हाती, सोंगट्या हाती, पण खेळायचं कसं? उत्तर ब्रिटिश म्युझियममधल्या एका मातीच्या इष्टिकेवर निघालं, इसवी सनापूर्वी 177 मध्ये कोरलेल्या. आयर्विंग फिंकेल यांनी ती वाचली आणि तिच्या आधाराने खेळ पुन्हा मांडला. इजिप्तमधल्या ‘सेनेत’ या खेळाचे तीस घरांचे पट तुतनखामेनच्या थडग्यातही होते, पण त्याच्यासोबत अशी नियमांची इष्टिका मिळालेली नाही, त्यामुळे आज जे ‘सेनेत’ खेळलं जातं ते अभ्यासकांनी बसवलेलं आहे. म्हणून तुमचा मित्र जेव्हा "हा खेळ असाच खेळायचे" म्हणतो तेव्हा त्याला जरूर टोका आणि आधार मागा. तोही एक डावच आहे.

चौथ्या मित्राचं, संगणकवाल्याचं. त्याची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. नवकंकरी 1993 मध्ये राल्फ गासर यांनी सोडवली: दोघेही अचूक खेळले तर बरोबरी. आठ बाय आठच्या पटावरचा चेकर्स 2007 मध्ये जोनाथन शेफर आणि सहकाऱ्यांनी सोडवला, तिथेही बरोबरी. पटावर शक्य असलेल्या स्थिती होत्या सुमारे 5 वर 20 शून्यं इतक्या. पण ‘बरोबरी’ हा शब्द कळल्याने तुमच्यासमोर मांडलेल्या स्थितीत कुठली सोंगटी हलवायची हे कळतं का? आणि संगणकाने उत्तर दिलं तरी ते का, हे माणसालाच सांगावं लागतं. बुद्धिबळ तर अजून सुटलेलंही नाही. सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचीच पूर्ण उत्तरं तयार आहेत.

आणि रचण्याच्या कलेत तर माणसाचीच सरशी आहे. जोसेफ बॅबसन नावाच्या रचनाकाराने एक कल्पना मांडली होती. काळ्याने प्याद्याचा वजीर केला तर पांढऱ्यानेही वजीरच केला पाहिजे, हत्ती केला तर हत्ती, उंट केला तर उंट, घोडा केला तर घोडा, आणि चारही वेळा दुसरं काही चालता कामा नये. सरळ मात करायच्या कोड्यात हे होणे नाही, असं भलेभले मानत होते. 1983 मध्ये ते करून दाखवलं कझानच्या लिओनिद यारोशने. पेशाने तो फुटबॉलचा प्रशिक्षक. ती रचना पहिल्यांदा पटावर मांडून चारही फांद्या स्वतः तपासल्या तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती, आणि आजही ती कोणालाही दाखवताना माझा आवाज चढतो.

पण चौघांना एकत्र बांधून ठेवणारं कोडं मी निवडायचं म्हटलं तर याहून खूप जुनं निवडेन. नवव्या शतकातल्या रुद्रट या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या ‘काव्यालंकारा’त एक श्लोक आहे. आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी, म्हणजे बरोबर अर्धा पट:

से ना ली ली ली ना ना ली
ली ना ना ना ना ली ली ली
ना ली ना ली ले ना ली ना
ली ली ली ना ना ना ना ली

प्रत्येक अक्षर एक घर समजा. डावीकडून उजवीकडे सरळ वाचा. आता घोडा पहिल्या ‘से’वर ठेवा आणि घोड्याच्या चालीने वाचा: दुसऱ्या ओळीतलं तिसरं अक्षर, पहिल्या ओळीतलं पाचवं, दुसरीतलं सातवं, चौथीतलं आठवं, तिसरीतलं सहावं, चौथीतलं चौथं, तिसरीतलं दुसरं. काय वाचलंत? से ना ली ली ली ना ना ली. पहिली ओळ जशीच्या तशी! पुढची उडी पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या अक्षरावर, आणि तिथून दुसरी ओळ सुरू होते. बत्तीसच्या बत्तीस घरं एकेकदाच, आणि श्लोक तोच.

सगळा मार्ग मी देत नाही, तुम्ही शोधा. एक धागा देतो. ‘ना’ आणि ‘ली’ पुष्कळ आहेत, त्यांची अदलाबदल खपून जाते. पण ‘ले’ संबंध श्लोकात एकदाच येतं. सरळ वाचताना ते एकविसावं. म्हणजे घोड्यालाही त्या घरावर बरोबर एकविसाव्या क्रमांकालाच पोहोचावं लागणार. कवीने स्वतःच्या हाताने तिथे खुंटी ठोकून ठेवली आहे. ही बाब मी शिकवताना सांगितली की मुलं पेन्सिल घेऊन थेट त्या घरापासून मागे मोजू लागतात, आणि तीच योग्य पद्धत आहे. घोड्याने प्रत्येक घरावर एकदाच जायचं, याला घोड्याची फेरी म्हणतात. गणितज्ञ ऑयलरने तिचा गणिती अभ्यास मांडला तो 1759 मध्ये. पुढे 1823 मध्ये वार्न्सडॉर्फने सोपा ठोकताळा दिला: ज्या घरातून पुढे जायला सर्वांत कमी वाटा आहेत तिथे आधी जा. तो ठोकताळा घेऊन पूर्ण 64 घरांची फेरीही करून बघा.

संगणकवाल्या मित्राला आठ वजिरांचं कोडं द्या. 1848 मध्ये माक्स बेत्सेल यांनी घातलेलं: आठ वजीर पटावर असे ठेवा की कोणी कोणाला मारत नाही. उत्तरं 92 आहेत हे त्याला यंत्र क्षणात सांगेल. त्याला विचारा, 96 का नाहीत? पट फिरवून आणि आरशात बघून एकाच मांडणीच्या आठ होतात, मूळ मांडण्या 12, मग बाराआठे शहाण्णव व्हायला हवेत. चार गेले कुठे? बारापैकी एक मांडणी अर्ध्या फेऱ्यात फिरवली तर स्वतःवरच येऊन बसते, म्हणून तिच्या आठऐवजी चारच होतात. ती नेमकी कोणती, हे त्याने यंत्र बंद ठेवून शोधावं.

थट्टा बिनसू नये म्हणून मी मुलांना घालून दिलेले दोन नियम तुम्हीही वापरा. "चुकलंय" म्हणणाऱ्याने चाल दाखवायची, दाखवता आली नाही तर शब्द मागे घ्यायचा. आणि कोडं मांडणाऱ्याने स्वतः सोडवलेलंच मांडायचं. उत्तर माहीत नसताना इतरांना ताटकळत ठेवणं हा उर्मटपणा आहे. तिसरा नियम घालायचा तर यंत्राबद्दल: सगळ्यांनी आपापलं उत्तर लिहून झाल्यावरच ते उघडायचं. आधी उघडलं की बोलणंच थांबतं आणि तुम्ही चौघे जमता ते बोलण्यासाठी.

पुढच्या वेळी सुरुवात रिचार्ड रेटीच्या 1921 मधल्या रचनेने करा. पांढरा राजा एच8, प्यादे सी6. काळा राजा ए6, प्यादे एच5. पांढऱ्याची खेळी, आणि त्याला डाव वाचवायचाय. पांढरा राजा काळ्या प्याद्याच्या दोन चाली मागे आहे, आणि त्याचं स्वतःचं प्यादे काळ्या राजाच्या तोंडाशी. एवढंच लक्षात ठेवा की पटावर राजाला तिरकं जायला सरळ जाण्यापेक्षा एकही चाल जास्त लागत नाही. जो कोणी बघताक्षणी "पांढरा सरळसरळ हरलाय" म्हणेल, त्याला काळी मोहरी द्या आणि जिंकून दाखवायला सांगा.